जुनी फायबरची बोट शिवसागरात उतरवण्याआधी पैसा कुठे घालायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीकडून वीसेक वर्षं जुनी, अठरा-एकोणीस फुटी फायबरची मासेमारी बोट तुम्ही घेतली आहे. मधे सुकाणूचा कन्सोल आहे, मागे ४० एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन आहे आणि सध्या ती साताऱ्यात घरासमोर ट्रेलरवर उभी आहे. बामणोलीहून शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, नेऊन गळाची मासेमारी करायचा बेत आहे. ६० एचपीचं नवं फोर-स्ट्रोक इंजिन, मासे जिवंत ठेवायची टाकी, फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे आणि तळ दाखवणारं यंत्र), पुढच्या टोकाला इलेक्ट्रिक मोटर आणि सगळीकडून नवा रंग, यातलं आधी काय करू, असं विचारलं आहे.

यातलं काहीच आधी करू नका. इंजिनाचा ॲडव्हान्स दिला नसेल तर थांबा. मी सांगलीत फायबरच्या बोटींची दुरुस्ती करतो. कोयनेतल्या प्रवासी बोटी, पुरात वापरायच्या बोटी आणि कोकणातून वर आलेल्या तुमच्यासारख्या मासेमारी बोटी माझ्या शेडमध्ये येत असतात. जुनी बोट घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला खर्च रंगावर किंवा इंजिनावर होतो. पण जुन्या बोटीचा जीव ट्रान्सममध्ये आणि स्ट्रिंगरमध्ये असतो. ट्रान्सम म्हणजे जिच्यावर इंजिन बसतं ती मागची भिंत. स्ट्रिंगर म्हणजे डेकच्या खाली बोटीच्या लांबीने गेलेल्या तुळया. या दोन्हींच्या पोटात लाकूड असतं आणि ते बाहेरून दिसत नाही. ते कुजलेलं असेल तर वर केलेला सगळा खर्च कुजक्या लाकडावर होतो.

फायबर कुजत नाही हे खरं आहे. पण त्या काळच्या बहुतेक बोटींमध्ये ट्रान्सम म्हणजे दोन फायबरच्या पापुद्र्यांमध्ये दाबलेला प्लायवूडचा जाड गाभा. इंजिनाचे बोल्ट, पाणी काढायच्या बुचाचं भोक, शिडीचे, दिव्याचे, फिश फाइंडरच्या पाण्यातल्या भागाचे, म्हणजे जुन्या ट्रान्सड्यूसरचे, स्क्रू या सगळ्यांसाठी त्या गाभ्याला भोकं पाडलेली असतात. सीलंट काही वर्षांत सुकतं, चिरतं, आणि प्लायच्या कडांमधून पाणी आत शिरतं. आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. बोट आजवर खाऱ्या पाण्यात होती आणि आता गोड्या पाण्यात जाणार आहे. मीठ लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला काही प्रमाणात रोखतं, गोडं पाणी रोखत नाही. ‘समुद्रात इतकी वर्षं टिकली, तळ्यात काय होणार’ हा हिशेब इथे उलटा पडतो. तळावर येणारे पाण्याचे फोडही गोड्या पाण्यात लवकर येतात, कारण जेलकोटमधून, म्हणजे फायबरवरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरातून, पाणी आत ओढलं जाण्याचा जोर गोड्या पाण्यात जास्त असतो.

म्हणून पहिलं काम तपासणी. ती घरीच होते.

बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्या. आपल्याकडे उसामुळे गावोगावी वजनकाटे आहेत, अडचण येणार नाही. पेट्रोल, सामान, नांगर सगळं उतरवून एकदा बोटीसह वजन घ्या आणि बोट उतरवल्यावर एकदा नुसत्या ट्रेलरचं. बोटीवर कंपनीची पाटी शिल्लक असेल तर तिच्यावरच्या वजनाशी ताडून पाहा; पाटीवर नुसत्या बोटीचं वजन असेल तर आधी इंजिनाचं वजन वजा करा. पाटी नसेल तर त्याच साच्यातून निघालेल्या दुसऱ्या बोटीच्या मालकाला विचारा. काट्यात दहा-वीस किलोचा फरक असतो, तो सोडून द्या. शंभर-दीडशे किलो जास्त भरले तर ते पाणीच आहे, आणि ते डेकखालच्या फोमने आणि लाकडाने धरलेलं आहे.

मग प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर किंवा लहान हातोडी घ्या आणि ट्रान्समवर आतून-बाहेरून वितीवितीवर ठोकत जा. निरोगी भाग टणटणीत वाजतो. ओला किंवा सुटलेला भाग मठ्ठ वाजतो. कुठे आवाज बदलला तिथे पेन्सिलने खूण करा. बुचाच्या भोवती आणि इंजिनाच्या खालच्या बोल्टांच्या आसपास जास्त वेळ द्या. त्यानंतर इंजिन थोडं वर तिरपं करून त्याच्या खालच्या टोकाला धरून हलकेच वर-खाली करा, आणि दुसऱ्या माणसाला ट्रान्समच्या वरच्या कडेवर डोळा ठेवायला सांगा. ती कड वाकताना दिसली किंवा कोपऱ्यात चिरा उघडताना दिसल्या, तर पुढच्या तपासणीची गरजच नाही. ट्रान्सम गेला आहे.

शंका उरली तर आतल्या बाजूने पाच-सहा मिलिमीटरचं ड्रिल लावा. बाहेरच्या बाजूने नको, तो पापुद्रा आपल्याला शाबूत हवा आहे. बिटाच्या टोकाला टेप गुंडाळून खोलीची खूण करा म्हणजे बाहेर आरपार जाणार नाही. निघालेला भुसा कोरडा, फिकट आणि लाकडाच्या वासाचा असेल तर आनंद आहे. काळपट, ओलसर, आंबूस वासाचा असेल तर पाणी शिरलंय. कधीकधी भोक पाडताच पाण्याची धार लागते. चार-पाच ठिकाणी असं पाहा: बुचाजवळ, दोन्ही खालच्या कोपऱ्यांत, इंजिनाच्या बोल्टांखाली. हीच पद्धत स्ट्रिंगरसाठी वापरा. निरोगी निघालेली भोकं नंतर इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनने, बुजवून टाका.

पुष्कळ जण विचारतात, उन्हात ठेवून वाळणार नाही का? नाही. दोन्ही बाजूंनी फायबरने बंद केलेलं प्लाय उन्हात वाळत नाही, आणि वाळलं तरी कुजलेल्या लाकडात जोर परत येत नाही. भोकं पाडून आत पातळ इपॉक्सी सोडायचा उपाय सांगणारेही भेटतील. ओल्या लाकडात ते झिरपत नाही. एखाद्या सुक्या कोपऱ्यात थोडंफार धरतं, बाकी ट्रान्सम तसाच राहतो. तो काढूनच बदलावा लागतो.

ट्रान्समचं काम सविस्तर सांगतो, कारण बोट टिकणार की नाही ते इथेच ठरतं.

जागा आणि हंगाम आधी ठरवा. हे काम बामणोली-तापोळ्याच्या बाजूला करू नका. महाबळेश्वरच्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पावसाळा ओसरल्यावरही हवेतली ओल बराच काळ जात नाही. सातारा शहर, कराड किंवा आमच्या सांगलीकडची कोरडी हवा या कामाला चांगली. दिवाळीनंतर हात घाला. थंडीत पहाटेचं तापमान दहा-बारा अंशांवर आलं तर इपॉक्सी नीट धरत नाही, तेव्हा ऊन वर आल्यावर लावा आणि रात्री झाकून ठेवा. एप्रिल-मेमध्ये याच्या उलट, सकाळी लवकर लावा. दुपारच्या उन्हात डब्यातच रेझिन तापून घट्ट होतं.

दुसरी तयारी बोट टेकवण्याची. डेक आणि आतले आधार काढले की फायबरचा सांगाडा लवचीक होतो. दोन-तीन रोलरवर टेकलेली बोट त्या अवस्थेत वाकली आणि तशीच नव्या फायबरने पक्की झाली, तर ती पाण्यावर कधीच सरळ धावत नाही. म्हणून तळाला निदान आठ-दहा ठिकाणी लाकडी ठोकळे लावून वजन पसरवा. मधल्या कण्याला दोरी ताणून सरळ आहे का ते पाहा. स्ट्रिंगर बदलायचे असतील तर सगळे एकदम कापू नका. एक पुरा करा, वाळू द्या, मग दुसऱ्याला हात लावा.

पेट्रोलची टाकी, नळ्या आणि बॅटरी आधी बाहेर काढा. वाफ राहिलेल्या बोटीत ग्राइंडर चालवणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. फायबरची धूळ फुप्फुसात बसते, त्यामुळे तोंडाला रुमाल बांधून भागणार नाही. धुळीसाठी चांगला मास्क, आणि रेझिन लावताना वाफेसाठी कार्बनचा कार्ट्रिज असलेला मास्क. हाताखालच्या पोरालाही तो द्या.

आतून काम करायला जागा असेल तर आतला पापुद्रा कापा. चारी बाजूंनी दोन-तीन इंचांची पट्टी ठेवून मधला भाग ग्राइंडरने कापून काढा. बाहेरचा पापुद्रा आणि जेलकोट तसाच राहतो, म्हणून बाहेरचं काम वाचतं. कुजलेलं प्लाय छिन्नीने, पटाशीने काढा. काही ठिकाणी हाताने ओंजळभर निघेल, आणि कुठे तरी एखादा कोपरा अजून दगडासारखा असेल. तो चांगला कोपरा ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. जुन्या-नव्या लाकडाच्या सांध्यातूनच पुढची कूज सुरू होते.

रिकामा झालेला बाहेरचा पापुद्रा ३६ किंवा ४० नंबरच्या सँडपेपरने खरवडा, पूर्ण वाळू द्या, ॲसिटोनने पुसा. पुठ्ठ्याचा साचा कापून नेमका आकार घ्या. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचंच हवं, म्हणजे खरं मरीन प्लाय. आयएस ३०३ चं प्लाय स्वस्त पडतं, पण ते घरातल्या फर्निचरचं आहे, बोटीचं नाही. जुन्या ट्रान्समची जाडी मोजून ठेवली असेलच. त्या आकाराच्या बोटीत साधारण १९ मिलिमीटरच्या दोन फळ्या एकमेकींना चिकटवून गाभा होतो आणि दोन्ही पापुद्रे धरून जाडी पावणेदोन-दोन इंचांपर्यंत जाते. प्लायच्या सगळ्या कडांना आत बसवण्याआधीच इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या. कडा पाणी पितात, मधला पृष्ठभाग तितका पीत नाही.

इपॉक्सी की पॉलिएस्टर, हा वाद नेहमी होतो. माझं मत स्पष्ट आहे. नवीन बोट साच्यात घडवताना पॉलिएस्टर ठीक आहे, पण जुन्या वाळलेल्या फायबरला नवं काही चिकटवायचं असेल तर इपॉक्सीच. पॉलिएस्टर जुन्या पृष्ठभागाला तेवढ्या ताकदीने धरत नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. चॉप्ड स्ट्रँड मॅटमधले (आखूड तुकड्यांच्या काचधाग्यांच्या चटईतले) धागे ज्या पावडरीने एकत्र धरलेले असतात ती पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळते, इपॉक्सीत विरघळत नाही. म्हणून इपॉक्सीसोबत शिवलेलं बायॲक्सियल, म्हणजे दोन दिशांनी धागे असलेलं, कापड घ्या. आणि इपॉक्सीवर जेलकोट धरत नाही, तेव्हा वरून दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग द्यायचा असं आधीच ठरवा. पैशाअभावी पॉलिएस्टरच वापरायचं असेल तर टाक्या आणि पत्रे बनवणारे देतात ते साधं जीपी रेझिन पाण्याखालच्या भागाला नको. आयसोफ्थॅलिक रेझिन घ्या, जमलं तर व्हिनाइल एस्टर.

इथे एक धोक्याची सूचना. पॉलिएस्टरमध्ये कोबाल्ट आणि हार्डनर ही दोन वेगळी द्रव्यं घालतात. ती दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर, शेकडा एक ते दोन भाग. दोन्हींच्या बाटल्या शेजारी-शेजारीही ठेवू नका. आमच्या धंद्यात हाताला आणि डोळ्यांना कायमची इजा झालेली माणसं याच एका चुकीमुळे आहेत.

आता गाभा बसवणं. सिलिकाची पावडर घालून लोण्याइतपत घट्ट केलेलं इपॉक्सी दातेरी पट्टीने बाहेरच्या पापुद्र्यावर आणि प्लायवर, दोन्हीकडे पसरा. प्लाय दाबून बसवा, इंजिनाच्या जुन्या भोकांमधून लांब बोल्ट घालून आत-बाहेर लाकडी पट्ट्यांनी आवळा. कडेने चहूकडून थोडं इपॉक्सी बाहेर आलं की थांबा. फार आवळलं तर गोंद सगळा बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. प्लायची कड आणि बोटीची भिंत यांमध्ये तीन-चार मिलिमीटरची फट ठेवून ती त्याच घट्ट इपॉक्सीने भरा आणि कोपऱ्यात गोलाई द्या. काटकोनात कापड बसत नाही, तिथे हवा राहते आणि सांधा तिथूनच सुटतो. त्या गोलाईवर तीन-चार थर, प्रत्येक वरचा थर खालच्यापेक्षा इंच-दोन इंच रुंद. तळावर आणि बाजूंवर निदान सहा इंच पुढे यायला हवेत. इंजिनाचा सगळा धक्का याच पट्ट्या बोटीच्या अंगावर पसरवतात. दोन थरांमध्ये रात्र गेली असेल तर सकाळी पृष्ठभागावर मेणचट, चिकट थर दिसतो. तो ॲसिटोनने जात नाही. साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, वाळवा, पेपर मारा, मग पुढचा थर.

भोकं पाडताना आळस नको. प्रत्येक बोल्टाचं भोक आधी मोठं पाडा, घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरा, वाळल्यावर त्यातूनच हव्या त्या मापाचं भोक पाडा. असं केलं की सीलंट उद्या निकामी झालं तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. बुचाच्या भोकालाही हेच. सीलंट पॉलियुरेथेनचं वापरा, बाथरूमचं सिलिकॉन नको. बोल्ट ३१६ ग्रेडचे स्टेनलेस. फिश फाइंडरच्या ट्रान्सड्यूसरसाठी तर ट्रान्समला भोकच पाडू नका. जाड एचडीपीई प्लास्टिकची फळी त्या प्लास्टिकला धरणाऱ्या गोंदाने एकदाच चिकटवा (साधं इपॉक्सी त्याला नीट धरत नाही) आणि पुढे हवे तितके स्क्रू तिच्यात मारा.

डेकखालचा फोम ओला निघाला तर तो काढून टाका, वाळवत बसू नका. नवा भरताना बंद पेशींचा पॉलियुरेथेन फोम घ्या आणि तळाशी पाणी मागे वाहून जाईल अशी मोकळी नाळी ठेवा. जुन्या बोटींमध्ये ही नाळीच नसते, म्हणून फोम वर्षानुवर्षं पाण्यात बसतो. थर्मोकोल भरायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पेट्रोल आणि पॉलिएस्टर रेझिन दोन्हींत तो विरघळतो. फोमचा हिशेब सोपा आहे: एक घनफूट फोम गोड्या पाण्यात साधारण २७ किलो तोलून धरतो. इंजिन, बॅटऱ्या आणि माणसं धरून बोट पाण्याने भरली तरी तरंगली पाहिजे, एवढा फोम असायलाच हवा आणि तो दोन्ही कडांना, वरच्या बाजूला जास्त हवा. सगळा तळाशी भरला तर पाण्याने भरलेली बोट पालथी होते. २०१९ च्या पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली. ते आमच्या जिल्ह्यातलं दुःख आहे. बोटीवर किती भार आणि बुडाली तर काय, या दोन प्रश्नांवर मी कुणाशी तडजोड करत नाही.

त्याच भाराच्या हिशेबाने आता तुमच्या ६० एचपीकडे येऊ. जुन्या ४० च्या टू-स्ट्रोकपेक्षा ६० चं फोर-स्ट्रोक साधारण तीस ते चाळीस किलोने जड असतं, आणि हे वजन बोटीच्या अगदी टोकाला लोंबकळतं. त्यात तुम्हाला मागेच ऐंशी लिटरची माशांची टाकी हवी आहे, म्हणजे भरल्यावर आणखी ऐंशी किलो. डेकवरचं पाणी बाहेर जायची भोकं पाण्याखाली गेली की पाणी उलटं आत येतं. गोड्या पाण्यात बोट समुद्रापेक्षा किंचित जास्त बुडते, हेही धरा. करून पाहायचं तर इंजिन घेण्याआधी बोट पाण्यात सोडा, जास्तीच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या ट्रान्समपाशी ठेवा आणि मागची पाणरेषा बघा. बोटीच्या पाटीवर जास्तीत जास्त एचपी लिहिलेली असेल तर तिच्यापुढे जायचा विषयच नाही. नव्या इंजिनाच्या शाफ्टची लांबीही ट्रान्समच्या उंचीशी जुळली पाहिजे: आखूड १५ इंच, लांब २० इंच.

माझा सल्ला, हे ४० चंच इंजिन आणखी दोन-तीन हंगाम वापरा. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, त्यांच्यात दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर इंजिनात जीव आहे. खालच्या गिअरचं ऑइल सोडून बघा, दुधाळ निघालं तर सील गेली आहे. पाण्याच्या पंपाचं इम्पेलर, म्हणजे आतला रबरी पंखा, न बघता बदला. झिंकचा ॲनोड (स्वतः झिजून इंजिनाचा धातू वाचवणारा तुकडा) काढून मॅग्नेशियमचा लावा, कारण गोड्या पाण्यात झिंक काम करत नाही. पुढे कधी बोट परत खाडीत न्याल तेव्हा मॅग्नेशियम काढायला विसरू नका, खाऱ्या पाण्यात तो झटकन संपतो.

पेट्रोलबद्दल सावध राहा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच भागातले कारखाने ते बनवतात आणि ऊसवाल्यांना त्याचा आधार आहे, पण बहुतेक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे टांगायची इंजिनं, १० टक्क्यांपर्यंतच्याच मिश्रणासाठी बनलेली आहेत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकी बरेच दिवस उभी राहिली की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचं तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि इंजिन नळीतून खालचा, तेल नसलेला थर ओढतं. पिस्टन जाम व्हायला तेवढं पुरे. म्हणून जुन्या सगळ्या रबरी नळ्या बदला, पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर लावा, आणि पावसाळ्यात टाकीत पेट्रोल ठेवू नका. टाकी फायबरची असेल तर ती काढूनच टाका. इथेनॉल जुनं रेझिन हळूहळू विरघळवतं आणि तो चिकट गाळ कार्ब्युरेटरमध्ये जातो.

उंचीचाही परिणाम होतो. शिवसागर भरल्यावर पाणी समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या वर असतं. दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद कमी होते, म्हणजे रत्नागिरीत चालणारं इंजिन इथे सहा-सात टक्क्यांनी कमी जोर देणार. ‘इंजिन थकलंय’ असं वाटून नवं घेण्याआधी प्रॉपेलर बदलून बघा. पिच, म्हणजे एका फेऱ्यात प्रॉपेलर जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर, एक इंचाने कमी केला की फुल थ्रॉटलला दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत फुल थ्रॉटलची जी मर्यादा दिली आहे, तिच्या वरच्या भागात आरपीएम यायला हवे. प्रॉपेलर ॲल्युमिनियमचाच ठेवा आणि एक जादा जवळ बाळगा. धरण बांधलं तेव्हा इथली गावं, शिवारं आणि झाडं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पातळी उतरत गेली की खोडं आणि खडक वर येतात. ॲल्युमिनियमची पाती आपटून वाकतात आणि गिअर वाचतो. स्टीलची पाती वाकत नाहीत, धक्का थेट गिअरला जातो.

माशांची टाकी मी तर लावूच नये म्हणेन. महसीर लागला तर त्याला पाण्यातून वर न काढता, काटा नसलेल्या गळावरून तिथल्या तिथे सोडायचा. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरने महसीरची पिल्लं वाढवून नद्यांत सोडायचं काम वर्षानुवर्षं केलं आहे. ते कष्ट आपण टाकीत कोंडून वाया का घालवायचे? खायला मासा हवा असेल तर बर्फाची पेटी पुरते.

वायरिंग मात्र पूर्ण नवं करा, तुकड्या-तुकड्याने नको. समुद्रातल्या बोटीतली साधी तांब्याची वायर आतून काळी पडलेली असते, वरून कळत नाही. टिन लावलेली वायर घ्या, जोड दाबून आणि गोंदाच्या श्रिंक नळीने बंद करा, आणि मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवा. बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप, बॅटरीला थेट, स्वतःच्या फ्यूजने आणि तरंगत्या स्विचने जोडा, म्हणजे मुख्य स्विच बंद असला तरी तो चालतो. पंपाच्या खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. ताशी ११०० गॅलनचा पंप प्रत्यक्षात त्याच्या निम्मं पाणी फेकतो, म्हणजे मिनिटाला पस्तीसेक लिटर. पाणरेषेखाली फूटभर एक इंची भोक उघडं राहिलं तर मिनिटाला चाळीसच्या वर लिटर पाणी आत येतं. दोन पंप लावा आणि एक बादली बाळगा.

पुढची इलेक्ट्रिक मोटर ५५ पाउंड जोराची, १२ व्होल्टची पुरेल. ती पूर्ण वेगाला पन्नासेक अँपिअर ओढते. बॅटरी मागे ठेवून वायर पुढे नेली तर जाण्या-येण्याच्या दहा मीटरला २५ स्क्वेअर एमएमची वायर लागते. त्याऐवजी १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी पुढेच, कन्सोलच्या पुढच्या कप्प्यात बांधून ठेवा. शिशाच्या बॅटरीपेक्षा तिचं वजन निम्म्याहून कमी आणि मागचा भारही त्यामुळे थोडा तोलला जातो. फिश फाइंडर स्वस्तातला चालेल. इथे त्याचा खरा उपयोग बुडालेली झाडं आणि जुन्या नदीपात्राची कड दाखवायला आहे.

रंग सगळ्यात शेवटी. तळावर समुद्री शेवाळ-कालवं रोखणारा जुना रंग असेल तर तो ओला पेपर मारून काढा, सुका घासू नका, त्याची धूळ विषारी असते. मग बोट पूर्ण वाळू द्या आणि इपॉक्सीच्या अस्तराचे चार-पाच हात द्या. फोडांवरचा खरा उपाय हाच. वरच्या बाजूचा जेलकोट फक्त निस्तेज झाला असेल तर कंपाउंड आणि पॉलिशवर भागवा, ते पैसे बिल्ज पंपावर घाला.

परवानग्यांचा विषय यंत्राला हात लावण्याआधी मार्गी लावा. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार तपासणी आणि नोंदणी लागते. शिवसागराच्या काठचा मोठा भाग १९८५ पासून कोयना अभयारण्यात आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. कुठे बोट न्यायची आणि कुठे गळ टाकायचा, हे वन विभाग, जलसंपदा आणि मत्स्यव्यवसाय विभाग या तिघांकडून लेखी घ्या. तोंडी होकारावर बोट पाण्यात घालू नका. कण्हेर, धोम, उरमोडी यांपैकी कुठे नेणार असाल तरी तिथल्या कार्यालयात असंच विचारा. कासच्या घाटातून ट्रेलर नेताना बेअरिंग नवे आणि ग्रीस भरलेले असू द्या, हे वेगळं सांगत नाही.

तपासणीत ट्रान्सम, सगळे स्ट्रिंगर आणि फोम तिन्ही गेलेले निघाले आणि तळाचं फायबरही थरांमधून सुटलेलं असेल, तर बोट सोडून द्या. इंजिन, कन्सोल, स्टेनलेसचं सामान काढून घ्या आणि कोरडा सांगाडा शोधा. फक्त ट्रान्सम आणि एखादा स्ट्रिंगर गेला असेल तर काम करण्यासारखं आहे आणि ते केल्यावर बोट आणखी वीस वर्षं चालेल.

सगळं झाल्यावर पहिल्या फेरीला मासेमारीचं सामान नेऊ नका. सकाळी, वारा सुटण्याआधी, दोघांनी जा. दोघांच्या अंगावर लाइफ जॅकेट आणि चालवणाऱ्याच्या मनगटाला इंजिन बंद करायची दोरी हवी. बुच लावलंय का ते हात घालून बघा. काठाजवळच अर्धा तास बोट नुसती तरंगत ठेवा, डेकचं झाकण उघडून बिल्जमध्ये पाणी येतंय का पाहा. मग हळू, मग अर्ध्या वेगाने, आणि शेवटी मिनिटभर फुल थ्रॉटलला नेऊन आरपीएम लिहून घ्या. परत आल्यावर ट्रान्समचे बोल्ट पाना लावून तपासा, दोन्ही कोपऱ्यांतल्या नव्या पट्ट्यांवर केसाएवढी चीर तरी उठली आहे का ते टॉर्चच्या उजेडात बघा, आणि आठवड्याने पुन्हा एकदा हेच करा.